पार्टचं नाव नको, लक्षण सांगा: नव्या ड्रायव्हरसाठी गाडीतल्या कोड्यात टाकणाऱ्या पार्टची ओळख

गॅरेजमध्ये गेलं की आपण बहुतेक जण पार्टचं नाव सांगतो, आणि सांगायला हवं असतं लक्षण. "दादा बॅटरी गेलीये, बदलून टाका" असं मी तीन वर्षांपूर्वी सांगितलं, त्यांनी बदलून दिली, जुनी एक्स्चेंजमध्ये घेतली, आणि आठव्या दिवशी रात्री साडेअकराला खंबाटकीच्या अलीकडे हेडलाइट पिवळे पडत पडत गाडी बंद. आई मागच्या सीटवर, बाजूने ट्रक सुसाट चाललेले. बॅटरीत काही खोट नव्हतीच, तिला चार्ज करणारा अल्टरनेटर गेला होता, ज्याला जुने फिटर अजून डायनामो म्हणतात. मी जर फक्त एवढंच सांगितलं असतं की "सकाळी सेल्फ लागत नाही आणि काल चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला होता", तर कुठल्याही फिटरने पाच मिनिटांत तो पकडला असता. तेव्हापासून नवीन गाडी घेतलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगतो, एक रविवार सकाळ काढा आणि स्वतःच्या गाडीची ओळख करून घ्या. पाना हातात घ्यायची गरज नाही, डोळे कान नाक पुरे. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा.

पायरी १: गाडी बंद ठेवून नुसती चक्कर मारा

आधी गाडीखाली बघा. उन्हाळ्या-पावसाळ्यात एसी लावून आल्यावर डाव्या बाजूला, म्हणजे शेजारच्या सीटच्या पायाखाली साधारण, स्वच्छ पाणी ठिबकत असतं आणि नवीन माणूस घाबरतो. ते हवेतलं बाष्प आहे, एसीच्या थंड जाळीवर जमून नळीतून बाहेर पडतं, हे चांगलं लक्षण आहे. उलट एसी तासभर चालूनही एक थेंब पडला नाही आणि आतलं कार्पेट ओलं लागलं तर ती नळी तुंबलीये असं समजा. हे मी मुद्दाम सांगतोय कारण माझ्या गाडीत कार्पेट ओलं व्हायला लागलं तेव्हा एका ठिकाणी पुढच्या काचेचं सील गेलंय म्हणून सांगितलं, काच काढून परत बसवली, पैसे गेले ते गेले, आणि कार्पेट ओलं ते ओलंच. शेवटी दुसऱ्या एका फिटरने खालून त्या नळीत हवा मारली, चिखल आणि पालापाचोळ्याचा बोळा बाहेर पडला, काम झालं.

पाणी सोडून दुसरं काही असेल तर रात्रभर गाडीखाली एक पांढरा पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी रंग बघा. हिरवं, गुलाबी किंवा केशरी आणि वासाला गोडसर असेल तर कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. तपकिरी-काळं असेल तर इंजिन ऑइल. लालसर असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा जुन्या पद्धतीच्या पॉवर स्टिअरिंगचं ऑइल. आणि चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, मधासारखं फिकट काही ओघळलेलं दिसलं तर तो ब्रेक ऑइलचा लीक असू शकतो, मग ती गाडी हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. पुठ्ठ्याचा फोटो काढून ठेवा, डाग नेमका कुठल्या चाकाजवळ पडला तेही लक्षात ठेवा, फिटरला अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

मग टायर. टायरवर १८५/६५ आर १५ असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यात १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, आणि १५ म्हणजे रिम १५ इंची. त्याहून कामाचा आकडा म्हणजे लांबगोल चौकटीत असणारे चार अंक, उदाहरणार्थ ३२२१, म्हणजे २०२१ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला टायर. सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर पाचही टायरचे हे अंक बघा, विकणारा सांगतो "टायर नवीनच आहेत" आणि अंक वेगळंच सांगतात. नक्षीच्या खाचांमध्ये खोलवर छोटे रबरी उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटरच उरलीये, टायर बदला. हवा किती भरायची ते टायरच्या बाजूवर शोधू नका, तिथला आकडा कमाल दाबाचा असतो. बरोबर आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकरवर असतो, आणि हवा टायर थंड असताना चेक करायची, पन्नास किलोमीटर पळवून आल्यावर नाही.

डिकी उघडून स्टेपनी बघा. हा शब्द आपल्याला मराठीच वाटतो इतका अंगवळणी पडलाय, पण तो वेल्समधल्या लॅनेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय, तिथे १९०४ मध्ये डेव्हिस बंधूंनी जादा चाक बनवून विकायला सुरुवात केली, त्याआधी गाड्यांबरोबर जादा चाक यायचंच नाही. असो. तुमची स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळा, ते चाक फक्त पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यासाठी आहे. तिच्यातली हवा महिन्यातून एकदा चेक करा, लोक वर्षानुवर्षं बघत नाहीत. तिथेच जॅकजवळ एक आटे असलेला लोखंडी हुक सापडेल, हा बऱ्याच जणांना कळतच नाही, तो गाडी ओढण्यासाठी आहे. बंपरवर एक छोटं चौकोनी किंवा गोल झाकण असतं, ते काढून हा हुक आत फिरवायचा. आणि जॅक कुठेही लावायचा नसतो, दाराखालच्या पत्र्याच्या कडेला चाकाजवळ दोन छोट्या खाचा असतात, जॅक त्या दोन खाचांच्या मध्ये. दुसरीकडे लावला तर पत्रा चेपतो. नट गाडी उचलण्याआधी थोडे सैल करायचे, आणि चाक बसवल्यावर शेजारचे न आवळता समोरासमोरचे आवळायचे.

पायरी २: आत बसा, इग्निशन ऑन करा, पण सेल्फ मारू नका

सगळे दिवे एकदम लागतील. गाडी त्या वेळी स्वतःची तपासणी करत असते, इंजिन चालू झालं की एकेक विझतो. सेकंडहँड गाडी घेताना हे नक्की करा, कारण चेक इंजिनचा किंवा एअरबॅगचा दिवा इग्निशन ऑन केल्यावर लागलाच नाही तर बहुधा कुणीतरी तो दिवाच बंद केलाय आणि मागे काहीतरी लपलंय. रंगांचा नियम सोपा आहे, लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून लगेच थांबा, पिवळा म्हणजे लवकरात लवकर दाखवा, हिरवा-निळा म्हणजे फक्त माहिती. थर्मामीटरचा निळा दिवा बिघाड नाही, इंजिन अजून थंड आहे एवढंच तो सांगतो, तेवढा वेळ जोरात रेस करू नका. लाल दिव्यांत सगळ्यात वाईट म्हणजे तेलाच्या चिरागासारखा दिसणारा, ज्याच्या चोचीतून थेंब पडतोय. तो चालत्या गाडीत लागला तर ऑइलचा दाब गेलाय, बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करायचं, "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणाल तर इंजिन जाम होईल.

पेट्रोलच्या काट्याशेजारी पंपाचं चित्र आणि त्याला चिकटून छोटा त्रिकोणी बाण असतो, झाकण ज्या बाजूला त्या बाजूला तो वळलेला असतो. ही फोर्डमधल्या जिम मोयलन नावाच्या इंजिनिअरची १९८६ ची कल्पना. दुसऱ्याची गाडी घेऊन पंपावर गेलात की या बाणाची किंमत कळते.

स्टिअरिंगच्या उजव्या हाताला डॅशबोर्डवर ० ते ३ किंवा ४ आकडे असलेलं एक छोटं चाक असतं. हे हेडलाइटचा झोत वरखाली करायचं. एकटे असाल तर ० वर, मागे तीन माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडी मागून बसते आणि झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यात घुसतो, तेव्हा २ किंवा ३ वर न्यायचं. दिवाळीत गावाला जाताना भरलेल्या गाडीत ही एक गोष्ट जरी सगळ्यांनी केली ना तरी दोन पदरी रस्त्यावरचा निम्मा त्रास कमी होईल, मला हे अगदी मनापासून वाटतं.

पुढच्या काचेच्या कडेला काळा पट्टा आणि आत बारीक होत जाणारे काळे ठिपके असतात, ते डिझाइन नाही. काच ज्या गोंदाने चिकटवलीये तो उन्हातल्या अतिनील किरणांनी खराब होऊ नये म्हणून तो पट्टा, आणि काळा भाग आणि साधी काच यांच्यातला तापमानाचा फरक हळूहळू उतरावा म्हणून ठिपके. मागच्या काचेवरच्या आडव्या रेघा म्हणजे डिफॉगरच्या, काच तापवून धुरकटपणा घालवणाऱ्या तारा, त्यांच्यावर स्टिकर लावून मग ब्लेडने खरवडला तर तार तुटते आणि ती रेघ कायमची गेली.

एक पावसाळी कोडं. काच आतून धुरकटते तेव्हा लोक फडकं मारत बसतात. एसी चालू करा, हवा काचेकडे वळवा, आणि गाडीत गोल फिरणाऱ्या बाणाचं बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्या. एसी हवेतला ओलावा काढतो, काच मिनिट-दोन मिनिटांत साफ होते.

पायरी ३: बॉनेट उघडा

लिव्हर आतून ओढल्यावर बॉनेट थोडंसंच उचकतं, मग पुढून फटीत बोटं घालून दुसरी कडी सरकवावी लागते, ती मुद्दाम ठेवलेली आहे, चालत्या गाडीत बॉनेट उडू नये म्हणून.

ऑइलची पट्टी म्हणजे डिपस्टिक, गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी काढायची, पुसायची, परत घालून काढायची, आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे का बघायचं. वरच्या खुणेच्या वर भरणंही वाईटच. डिझेलचं ऑइल थोड्याच दिवसात काळं होतं, त्यात काही नाही. पण पट्टीवर किंवा ऑइलच्या झाकणाच्या आत दुधाळ कॉफीसारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत झाकणाखाली थोडा फेस धरतो, पण पट्टीवरही तसाच दिसला आणि कुलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनमध्ये ऑइल आणि कुलंट वेगळं ठेवणाऱ्या सीलची शंका घ्या.

आता कुलंट, यावर थोडं थांबतो कारण सगळ्यात जास्त गाड्या इथेच मरतात. अर्धपारदर्शक डबीवर किमान-कमाल खुणा असतात, लेव्हल थंड इंजिनवर बघायची. ही सगळी सिस्टीम कुकरसारखी आहे, झाकण दाब धरून ठेवतं म्हणून आतलं कुलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं की तो दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं, यात लोक भयंकर भाजलेत, म्हणून काहीही झालं तरी गरम इंजिनचं झाकण उघडायचं नाही. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. दुसरं, बोअरचं पाणी भरत राहू नका, क्षार साचून रेडिएटर, म्हणजे कुलंट थंड करणारी पुढची जाळी, आतून चोंदतो. अडचणीत जवळचं बिसलेरीचं पाणी चालेल पण नंतर कुलंट बदलून घ्या. रंगावरून कुलंट विकत घेऊ नका, एकाच रंगाचे दोन वेगळे प्रकार असतात, मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच.

याच सिस्टीममध्ये थर्मोस्टॅट नावाचा झडपेसारखा पार्ट असतो, इंजिन गरम होईपर्यंत तो कुलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. आपल्याकडे गाडी तापली की काही जण तो काढूनच टाकतात, "आपल्या हवेत लागत नाही" म्हणून. लागतो. तो काढला की इंजिन कायम थंड चालतं, अ‍ॅव्हरेज पडतं, आतली झीज वाढते. खराब झाला तर नवीन बसवा, काढू देऊ नका.

बॅटरी आणि अल्टरनेटरचं कोडं साध्या मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्ट मोजायच्या यंत्राने सुटतं, इलेक्ट्रिकच्या दुकानात स्वस्तात मिळतो. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती पूर्ण चार्ज आहे, १२ च्या खाली असेल तर उतरलीये. मग इंजिन चालू करून परत मोजा, साधारण १३.८ ते १४.५ आलं तर अल्टरनेटर चार्ज करतोय. चालू इंजिनवरही आकडा १२ च्या आसपासच राहिला किंवा हळूहळू उतरत गेला तर नवी बॅटरी घालून उपयोग नाही, ती पण चार-आठ दिवसांत उतरेल. मला त्या वेळी हे माहीत असतं तर आईला रात्री रस्त्यावर बसवावं लागलं नसतं. टर्मिनलवर पांढरं-हिरवट काही साचलं असेल तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून ब्रशने साफ करा, कधीकधी सगळा आजार तेवढाच असतो.

शेवटी वायपरखालची जाळी बघा, गाडी गुलमोहराखाली उभी राहत असेल तर बारीक पानं तिथे साचून पाण्याच्या वाटा बुजवतात, पावसाळ्याआधी हाताने काढून टाका. आणि उंदराच्या लेंड्या दिसल्या तर वायरी नीट तपासून घ्या.

पायरी ४: हळू चालवा आणि कान द्या

काच खाली, गाणी बंद. मोकळ्या जागेत स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून हळूच पुढे जा. कट-कट-कट आवाज आला तर पुढच्या अ‍ॅक्सलचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वळतानाही इंजिनची ताकद चाकाला पोचवणारा सांधा. हा जॉइंट ज्या रबरी घडीदार बुटात असतो तो बूट फाटला की ग्रीस उडून जातं आणि खडी-चिखल आत शिरतो. बूट फाटल्या फाटल्या बदलला तर थोडक्यात सुटता, सहा महिन्यांनी सगळा जॉइंट. खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर खडखड येत असेल तर लोक "शॉकअप गेले" म्हणतात, पण बऱ्याचदा ते लिंक रॉड किंवा बुश, म्हणजे सस्पेन्शनमधले छोटे दांडे आणि रबर असतात जे खूप स्वस्त आहेत, म्हणून शॉकअप बदला असं सांगू नका, फक्त खड्ड्यात कुठल्या चाकाकडून आवाज येतो ते सांगा. वेगाबरोबर वाढणारी एकसारखी घूं म्हणजे बहुधा चाकाचं बेअरिंग. ब्रेक मारताना बारीक किर्र म्हणजे पॅड संपत आल्याची सूचना असू शकते, त्यासाठी पॅडवर मुद्दाम एक पत्र्याची पट्टी ठेवलेली असते. स्टिअरिंग ८०-९० च्या वेगाला थरथरत असेल तर बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं, आणि सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा आणि मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. ही दोन वेगळी कामं आहेत.

पायरी ५: घाटात उतरायच्या आधी ब्रेक समजून घ्या

हे करून बघा. सपाट जागी, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल दगडासारखं कडक होईल. आता पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करा, पेडल किंचित खाली बसेल. हा जो फरक जाणवला तो ब्रेक बूस्टर, इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा गोल डबा, तुमच्या पायाचा जोर कित्येक पट करतो. पेडल अजिबात खाली गेलं नाही तर बूस्टर किंवा त्याची नळी दाखवून घ्या.

यावरूनच कळेल की घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणं किती घातक आहे. दोन-तीन ब्रेकनंतर बूस्टर संपतो, स्टिअरिंग जड होतं, आणि चावी बाहेर काढली तर ते लॉकही होतं. न्यूट्रल करूनही काही वाचत नाही, आजच्या फ्यूल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर इंजिनचा इंधनपुरवठाच बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन नुसतं चालू ठेवायलाही इंधन लागतं. जुने एसटी ड्रायव्हर सांगतात तेच बरोबर, ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तीच हद्द १५५ पर्यंत खाली येऊ शकते, आणि आंबोलीसारख्या लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवले तर ते उकळून बुडबुडे होतात आणि पेडल एकदम तळाला जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं, गाडी कमी चालली असली तरी. आणि डबीतली लेव्हल हळूहळू कमी होत असेल तर लगेच ओतू नका, पॅड झिजले की लेव्हल उतरतेच, आधी पॅड बघायला सांगा.

घाटात काटा लालकडे सरकला तर एसी बंद, हीटर फुल, पंखा फुल. उकडेल, पण हीटरही एक छोटा रेडिएटरच आहे, इंजिनची उष्णता तो आत ओढून घेतो. मग सुरक्षित जागा बघून थांबा.

डिझेलवाल्यांसाठी एक

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष) डिझेल गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी असते, काजळी धरून ठेवते आणि साधारण ६०० अंशांना जाळून टाकते. रोज फक्त ऑफिस-घर अशी चार किलोमीटर गाडी चालवली तर ते तापमान गाठलंच जात नाही आणि गाळणीचा पिवळा दिवा लागतो. लगेच गॅरेज नको, मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे हायवेला वीसेक मिनिटं एका वेगाने चालवा, बहुतेक वेळा दिवा जातो. गेला नाही तर मात्र ताणू नका.

पायरी ६: गॅरेजमध्ये बोलायचं कसं

मोबाइलमध्ये चार ओळी लिहून न्या: काय होतं, कधी होतं, थंड इंजिनवर की गरम, कुठल्या बाजूने, किती वेगाला, कधीपासून. आवाज असेल तर रेकॉर्ड करून न्या, कारण गॅरेजमध्ये गेल्यावर तो हमखास येत नाही. जमलं तर मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर मारा. जॉबकार्डवर, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या कागदावर "बॅटरी बदलणे" असं लिहू देऊ नका, "सकाळी सेल्फ लागत नाही, कारण शोधणे" असं लिहायला सांगा. आणि कुठलाही पार्ट बदलला तर जुना मागून घ्या, हातात घेऊन बघा, "दादा यात नेमकं काय गेलं ते दाखवा" म्हणा. चांगला फिटर ते आनंदाने दाखवतो, माझ्या आत्ताच्या फिटरने तर अल्टरनेटर खोलून झिजलेले कार्बन ब्रश माझ्या तळहातावर ठेवले होते, नखाएवढेही उरले नव्हते.